ध्रुवावरच्या हवेची मोजदाद

ध्रुवप्रदेशात कारखाने फारसे नाहीत, तरी तिथली हवा मोजावी लागते. जगभरचा धूर आणि रसायने वाऱ्याबरोबर तिथवर पोचतात. वर्धा जिल्ह्यातल्या रोहण्याच्या परिसरात पऱ्हाटी पेटली की धूर डोळ्यांनी दिसतो. ध्रुवाकडचे प्रदूषण मात्र बहुधा यंत्रालाच कळते. अपवाद उत्तर ध्रुवाकडच्या धुरकटपणाचा. 1950 च्या दशकात वैमानिकांना क्षितिजावर तपकिरी झाक दिसू लागली. ती मुख्यतः यूरोप आणि सोविएत संघातून आलेल्या सल्फेटची व काजळीची आहे, हे उमगायला आणखी वीसेक वर्षे गेली.

भारतात या मोजणीची पूर्वतयारी पुण्यात झाली. हवामान खात्याच्या तिथल्या यंत्रविभागात 1960 च्या दशकात शास्त्रज्ञ अ‍ॅना मणी यांच्या पुढाकाराने देशी ओझोनसाँड तयार झाले. फुग्याला बांधलेल्या डबीत लहानसा पंप बाहेरची हवा पोटॅशियम आयोडाइडच्या द्रावणात सोडतो. ओझोनमुळे आयोडीन सुटते, क्षीण विद्युतप्रवाह वाहतो, आणि फुगा फुटेपर्यंत त्याची नोंद रेडिओवरून खाली येत राहते. पुढच्या दशकात खात्याने पार्श्वभूमी वायुप्रदूषण केंद्रांची साखळी उभारली. तीत पुण्यासह नागपूरही होते.

6 डिसेंबर 1981 रोजी एस. झेड. कासिम यांच्या नेतृत्वाखाली 21 जणांची पहिली भारतीय मोहीम गोव्याच्या मुरगाव बंदरातून अंटार्क्टिकाकडे निघाली. 1985 मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञांनी तिथल्या आकाशातले ओझोनचे छिद्र जाहीर केले, तेव्हा दक्षिण गंगोत्री हे भारतीय ठाणे उभे होते. 1989 मध्ये मैत्री हे नवे ठाणे सुरू झाले आणि पुण्यात घडलेल्या विद्येला अंटार्क्टिकात खरे काम मिळाले. पण ठाण्याला ऊब आणि वीज देणारे डिझेल जनित्र स्वतःच धूर सोडते. म्हणून वाऱ्याची दिशा पाहून, जनित्राकडून आलेल्या हवेच्या नोंदी बाद कराव्या लागतात. हे काम कंटाळवाणे खरे, पण सगळ्या मोजणीचा भरवसा त्यावरच टिकतो.

गोव्यात वास्कोजवळ 1998 मध्ये ध्रुवीय संशोधनाची स्वतंत्र संस्था स्थापन झाली. तिच्या देखरेखीखाली 1 जुलै 2008 रोजी स्वालबार्डमधल्या न्यू-ऑलेसुंड इथे हिमाद्री केंद्र सुरू झाले. हे गाव पूर्वी कोळशाच्या खाणीचे. 1962 च्या स्फोटात 21 कामगार दगावले आणि पुढच्या वर्षी खाण बंद पडली. खाणकामगार जिथे अंगावरची काजळी धूत, त्या ग्रुवेबाडेट या जुन्या स्नानगृहात आता हवेतली काजळी मोजतात. यंत्र गाळणीच्या फितीतून हवा ओढते. फितीवरचा ठिपका जितका काळवंडेल, तितका प्रकाश कमी पार होतो आणि त्यावरून काजळीचे प्रमाण निघते.

सुरुवातीची वर्षे हिमाद्रीकडे भारतीय मोहिमा मुख्यतः उन्हाळ्यात जात, आणि धुरकटपणा तर हिवाळ्याच्या अखेरीस व वसंतात सर्वाधिक. ही उणीव डिसेंबर 2023 मध्ये निघालेल्या पहिल्या हिवाळी मोहिमेने भरून काढायला घेतली. तिच्या पहिल्या तुकडीत गोव्याच्या संस्थेबरोबर पुण्याची भारतीय उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थाही होती.