१८५४ : कवितेच्या इतिहासातले गाळलेले साल

आधुनिक मराठी कवितेचा आरंभ केशवसुतांपासून, असे आम्ही शिकलो आणि तेच शिकवत आलो. केशवसुतांचा जन्म १८६६ चा. सावित्रीबाई फुले यांचा ‘काव्यफुले’ हा संग्रह त्याआधी बारा वर्षे, १८५४ मध्ये निघाला. मग या सालाचे वाङ्मयेतिहासाने काय केले?

३ जानेवारी १८३१ रोजी नायगावात जन्म, १८४० मध्ये लग्न, सासरी जोतीरावांकडून अक्षरओळख, १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा. संग्रह आला तेव्हा बाईंचे वय तेवीस. त्यात पिवळा चाफा आहे, जाईचे फूल आहे, शिवाजीराजे आणि ताराबाई आहेत, आणि शूद्रांचे दुखणेही आहे. फुलावर लिहिणारा हातच दास्यावर लिहितो.

समीक्षक म्हणतात, हे उपदेशपर पद्य आहे. असेल. पण उपदेश कोणाला आणि कशाचा? पोथीने आम्हाला सोसायला सांगितले; या बाईने शिकायला सांगितले. ज्यांना अक्षर नाकारले होते, त्यांच्या कानावर पडावी म्हणून ही कविता साध्या, ओळखीच्या चालीत आली. प्रस्थापितांची मोजपट्टी इथे तोकडी पडते.

आणि शब्दामागे कृती होती. ब्राह्मण तरुण आणि महार मुलगी यांच्या प्रेमापायी गाव त्यांच्या जिवावर उठला, तेव्हा बाई मध्ये पडल्या. १८६८ च्या पत्रात हे त्यांनीच जोतीरावांना कळवले आहे. जोतीराव १८९० मध्ये गेले. पुढे ‘बावनकशी सुबोध रत्नाकर’ आले. १० मार्च १८९७ रोजी प्लेगच्या रुग्णांची सेवा करतानाच त्या गेल्या.

मा. गो. माळी यांनी संपादित केलेले त्यांचे समग्र वाङ्मय राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाने काढले ते १९८८ मध्ये. २०१४ मध्ये पुणे विद्यापीठाला त्यांचे नाव मिळाले. शिक्षिकेचा गौरव झाला; कवयित्री मात्र जयंतीच्या हाराखाली झाकलेलीच राहिली.

दिव्याहून गर्दीच्या लोकलने कॉलेजात येणारी, घरातली पहिलीच शिकणारी मुलगी कवितेच्या तासाला बसते, तेव्हा तिला १८५४ हे साल सांगितले पाहिजे. आधुनिक मराठी कवितेच्या उंबरठ्यावर तिच्यासारखीच घरातली पहिली शिकलेली एक बाई उभी आहे, हे तिला कळले पाहिजे. शिक्षक मित्रहो, त्यासाठी अभ्यासक्रम बदलण्याची वाट पाहायला नको. खडू आपल्याच हातात आहे.