हाडकीचा सात-बारा

बाप म्हणाला, "मरायच्या आधी एकदा हाडकी बघून येऊ."

मी म्हणालो, "दादा, आता तिथं आपलं काय ऱ्हायलंय?"

तो म्हणाला, "तेच बघू की, काय ऱ्हायलंय."

बापाचं वय त्र्याऐंशी. रेल्वेच्या कारखान्यात पस्तीस वर्षं घण मारला, गुडघे गेले. गावाला शेवटचा गेला तो १९७४ साली, आज्याच्या मातीला. त्यानंतर गावाचं नाव घरात निघालं की तो उठून बाहेर जायचा. आम्ही लेबर कॅम्पात वाढलेली पोरं. आमच्या शाळेच्या दाखल्यावर गावाचं नाव होतं, एवढाच आमचा गावाशी संबंध. ते नाव इथं लिहीत नाही. नेवासं तालुक्यातलं एक गाव. वाचणाऱ्यानं आपापल्या गावाचं नाव घालून वाचावं, फार फरक पडणार नाही.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात भाच्याच्या गाडीतनं निघालो. माळशेज घाटानं गेलो असतो तर लवकर पोचलो असतो. पण बापाला भीमा-कोरेगाववरून जायचं होतं. पुणं सोडलं, वाघोली मागं पडली आणि पेरणे फाट्याला गाडी थांबवली. एक जानेवारीची तयारी चालली होती. मांडवाचे बांबू, पाण्याचे टँकर, आणि २०१८ पासून वाढलेला पोलीस बंदोबस्त. बाप काठी टेकत स्तंभापाशी गेला. १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्यांची नावं त्यावर आहेत. कितीतरी नावांच्या शेवटी 'नाक'. १९२७ च्या एक जानेवारीला बाबासाहेब इथं उभे राहिले होते, तेव्हापासून आपल्या माणसांची रीघ लागली.

बाप नावं वाचत राहिला. मग म्हणाला, "हितं मेलेल्याचं नाव दगडावर हाय. आन् गावात जित्या मानसाचं नाव कुनी नीट घेत नव्हतं."

इतिहास नेमका इथं तुटतो, मित्रहो. ज्या कंपनी सरकारनं हा स्तंभ उभारला, त्याच इंग्रजानं पुढं १८९० नंतरच्या दशकात महारांना लष्कराचं दार बंद केलं. बंदूक गेली आणि हातात उरली ती येसकराची काठी. शूर म्हणून नाव कोरायचं आणि नीच म्हणून नोकरी नाकारायची, यात सरकारला काही विसंगती वाटली नाही. आम्हाला परत वेशीवर उभं केलं.

गाडी शिरूरच्या पुढं निघाली तसा बाप बोलायला लागला. पन्नास वर्षं तोंड मिटून बसलेला माणूस नगर येईपर्यंत थांबला नाही.

हाडकी म्हणजे महारवतनाची जमीन. कुठं तिला हाडोळा म्हणतात, कुठं हाडवळा. गावाची चाकरी करायची आणि तिच्या बदल्यात हा तुकडा कसायचा. चाकरी कोणती? सरकारी टपाल आणि सारा पोचवायचा. साहेब आला की त्याच्या घोड्यापुढं पळायचं. चावडी झाडायची. वेशीवर रात्र जागवायची. कुणी मेलं की दहा कोसांवरच्या सोयऱ्याला सांगावा द्यायचा. मेलेलं जनावर ओढायचं. लाकडं फोडायची. आणि बांधाचं भांडण लागलं की शीव दाखवायला महारच. त्याचा शब्द पंच मानत होते, कारण कुणाची हद्द कुठं हे त्यालाच ठाऊक असायचं. कामं एवढी, आणि पाळी एका घराची असली तरी राबायचं साऱ्या घरानं. बाप्या परगावी गेला तर बाईनं जायचं. बाई बाळंतीण असली तर पोरानं.

"मी आठ वर्साचा आसंन," बाप म्हणाला. "तुझा आजा तापानं फनफनला व्हता. रातच्याला पाटलाचा सांगावा आला. मपल्या हातात काठी दिली आन् पाठीवलं दुसऱ्या गावाला. सांगावा काय, तर म्हातारी मेली. मी सारी वाट त्या म्हातारीला भ्यालो. घरी आलो तवा उजाडलं व्हतं. म्हातारीच्या घरनं भाकर मिळाली, शिळी."

बेदरच्या पातशहानं महारांना बावन्न हक्क दिले, अशी कथा आमच्या म्हाताऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सांगितली, तीही अभिमानानं. मी बापाला विचारलं, तेव्हा तो हसला. "मढ्यावरचं कापाड ह्यो हक. मेल्या ढोराचं कातडं ह्यो हक. बावन्न हक, आन् हिरीचं पानी त्यात नाय."

वतनाची ही गाठ ज्यांनी उकलून दाखवली ते बाबासाहेब. १८७४ च्या वतन कायद्यानं इंग्रजांनी ही गुलामी कागदावर पक्की केली होती. महार सरकारचा नोकर, पण पगार सरकारनं द्यायचा नाही. तो गावानं बलुत्यातनं द्यायचा, म्हणजे गावाची मर्जी असली तर द्यायचा. महारांनी मेलेलं ढोर ओढणार नाही म्हटलं की बलुतं बंद. पाणवठ्यावर पाऊल टाकलं की बलुतं बंद. महाडला १९२७ साली चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं आणि मेल्या जनावराचं मांस सोडायला सांगितलं, त्या दोन्ही गोष्टी पोटाशी बांधलेल्या होत्या. म्हणून तळ्यापाठोपाठ बाबासाहेबांनी वतनाला हात घातला. १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात दुरुस्तीचं बिल आणलं. ज्याला चाकरी नको त्याला पूर्ण सारा भरून जमीन राखता यावी, बलुत्याच्या जागी रोख पैसा यावा, कामं कोणती ते ठरवून द्यावं. मागणं एवढंच. पण कौन्सिलात बिलाचं अंग-अंग कापलं, आणि १९२९ साली बाबासाहेबांनी ते मागं घेतलं.

१९३९ च्या डिसेंबरात हरेगावला वतनदारांची परिषद झाली. सरकारनं वतनावरची जुडी वाढवली होती, तिच्याविरुद्ध बाबासाहेब बोलले. आमचा आजा त्या परिषदेला पायी गेला होता. फडक्यात दोन भाकरी आणि कांदा. परत आला तो बदलूनच आला. पाटलाला 'जोहार' घालायचा बंद झाला. पहिल्या दिवशी पाटलानं विचारलं, काय रे, तोंडाला काय झालं? आजा काही बोलला नाही. त्या सुगीला खळ्यावरनं आमच्या घराला दाणा मिळाला नाही.

एवढं सांगून बाप गप्प झाला. सुपं आलं. चहा घेतला.

पुढं १९५६ आलं, घरातले देव नदीला गेले. आणि १ ऑगस्ट १९५९ पासून वतन कायद्यानं गेलं. कनिष्ठ गावकी वतनं खालसा. चाकरी संपली. जमीन सरकारात जमा, पण वतनदारानं साऱ्याच्या तिप्पट रक्कम भरली तर त्याच्या नावावर परत. रक्कम फार नव्हती. पण ज्याच्या घरात रोकड कधी आलीच नाही त्याला तिप्पट काय आणि तिसपट काय! कित्येकांनी भरली नाही, कित्येकांना कुणी सांगितलंच नाही. आमच्या आजीनं पायातले वाळे मोडले. आज्यानं तालुक्याला जाऊन पैसे भरले आणि पावती कंदिलाच्या डब्यात ठेवली. दोन वर्षांनी बाप मुंबईला आला.

या जमिनीला कायद्यानं एक अट घातली होती. कलेक्टरच्या परवानगीवाचून ती विकता येत नाही. दुबळ्याच्या हातातली जमीन कुणी हिसकू नये म्हणून अट. पण हिसकणारा कायदा वाचून हिसकत नाही. १९७२ चा दुष्काळ पडला. आजा-आजी खडी फोडायला गेले. आजी कामावरच पडली. औषधाला, मग मातीला पैसे लागले, ते गावातल्या एका बागायतदारानं दिले. स्टॅम्पावर आज्याचा अंगठा घेतला. कागदावर काय लिहिलं ते आज्याला वाचता येत नव्हतं. दोन वर्षांनी आजा गेला. आणि त्याच दशकात मुळा धरणाचं पाणी उजव्या कालव्यानं नेवाशाकडं आलं. ज्या हाडकीत कुसळ उगवत नव्हतं तिथं ऊस उभा राहिला. पिढ्यान्‌पिढ्या कोरडी होती तोवर ती आमची होती.

गावात दुपारी पोचलो. बौद्धवाड्यात बापाच्या चुलतभावाची बायको आहे, माझी चुलती. नवरा वारला, दोन पोरं दुसऱ्याच्या रानात रोजानं जातात. तिनं बापाला बघितलं आणि पदर डोळ्याला लावला. "भावजी, लई वाट बघायला लावली." मग चहा, मग जेवण. भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध, खाली पोरांच्या मोबाईलचे चार्जर.

चार वाजता शिवारात गेलो. उसाची तोड चालली होती. बांधाकडेला तोडकऱ्यांच्या कोप्या, त्यातली निम्मी माणसं आपलीच. सगळीकडं एकसारखा हिरवा ऊस, मला काही कळेना. बाप मात्र काठीनं दाखवत चालला. हे रामोशाचं, ही इनामाची पट्टी, हा ओढ्याचा वळसा. एका ठिकाणी थांबला. वाकता येईना, म्हणून मला पाचट बाजूला करायला सांगितलं. खाली दगड. काळा, कमरेएवढा असेल, आता वीतभर वर राहिलेला.

"ह्योच," बाप म्हणाला. "ह्याच्यापसनं त्या बाभळीच्या वळीपतूर. बाभळी तोडल्या वाटतं."

साऱ्या गावाची शीव सांगणाऱ्या घरातला तो शेवटचा माणूस. पण त्याची स्वतःची शीव सांगायला आज कुणी पंच नव्हता.

एवढ्यात मोटारसायकलवरनं एक चाळिशीचा माणूस आला. ज्यानं अंगठा घेतला त्याचा नातू. बापाला 'बाबा' म्हणाला, नीट बोलला. पण डोळे बापाच्या काठीवर. "आम्ही खरेदी घेतलीय, बाबा. आज्यानं पैसे मोजले होते." बाप म्हणाला, "आसंल. मी दगड बघाया आलोय." तो माणूस आम्ही शिवाराबाहेर पडेपर्यंत तिथंच उभा होता.

रात्री वाड्यावर निजलो. सकाळी तलाठी कार्यालयात सात-बारा काढला. वर गट नंबर. भोगवटादार वर्ग दोन. इतर हक्कात 'वर्ग ६ ब, महार वतन, नवीन शर्त'. आणि नाव? नाव आज्याचं. मरून पन्नास वर्षं झालेला आजा सरकारदरबारी अजून जमीन कसतोय. खरेदीची नोंद कुठंच नाही, कारण परवानगीच नव्हती. जुना फेरफार निघाला. त्यात 'अमुक बिन तमुक महार, तिप्पट आकार भरला सबब नाव दाखल'. आजीचे वाळे त्या एका ओळीत होते.

माझं रक्त उसळलं. म्हणालो, हा शर्तभंग आहे, अर्ज टाकू, ताबा मागू. बाप म्हणाला, "नगं. तू मुंबईला जाशील. ही पोरं त्याच्याच रानात रोजानं जात्यात. त्यांचं काम बंद केलं तर? येकदा दाना बंद झालेला मी बघितलाय." आम्ही तिथंच, कचेरीच्या पायरीवर भांडलो. तो चूक नव्हता. शर्तभंग झाला म्हणून सरकार जमीन आपल्याकडंही घेऊ शकतं, हेही त्याला माहीत होतं. मीही चूक नव्हतो. भीती हेसुद्धा एक वतनच आहे, बापाकडनं पोराकडं येतं.

निकाल दिला तो चुलतीनं. वाड्यावर येऊन सगळं सांगितलं तेव्हा ती चुलीपुढनं न उठता म्हणाली, "भावजी, हितं आमी ऱ्हातो, तुमी न्हाई. काम बंद केलं तर दुसऱ्या गावाला जाऊ, पोरांना हात हायेत. पर नाव लावा. मामांजींनी पैसं भरल्यालं. समद्यांचं नाव लावा, लेकींचं बी."

बाप बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "अर्ज लिव्ह."

वारस नोंदीचा अर्ज मी तिथंच लिहिला. बापाचं नाव, दोन आत्यांची नावं, हयात असलेलीचं आणि नसलेलीच्या पोरांचं. ताब्याचं पुढं बघू. कोर्टात किती वर्षं जातील ते जातील.

येताना मी एकच गोष्ट घोकत होतो. महारकीच्या वारशाला आम्हाला कधी अर्ज करावा लागला नाही. तो जन्माबरोबर मिळाला, आठ वर्षांच्या पोराच्या हातात काठी देऊन मिळाला. जमिनीच्या वारशाला मात्र अर्ज लागतो, दाखला लागतो, पन्नास वर्षांनी परत यावं लागतं. १९५९ ला चाकरी गेली आणि आपण म्हणालो, वतन संपलं. ते अर्धंच संपलं. चाकरी आपण सोडली, जमीन आपल्याकडनं सोडवून घेतली. आपल्या कितीतरी घरांत आज्या-पणज्याचं नाव असंच कुठल्यातरी सात-बाऱ्यावर वाट बघत असेल. एकदा म्हाताऱ्यांना गाडीत घाला आणि जाऊन बघा. दगड कुठं आहे हे त्यांना ठाऊक आहे. ते गेले की तो दगड कुणाला सापडणार नाही.

अर्जावर बापानं सही केली. अंगठा नाही. इंग्रजीत नाही, मोडीत नाही, आपल्या मराठीत, पूर्ण नाव. सही केल्यावर पेन मला परत देताना तो म्हणाला, "तुझ्या आज्याला एवढं आलं आसतं, तर ह्यो फेरा पडला नसता."

अर्जाची पोच मी कंदिलाच्या डब्यात ठेवली नाही. तिच्या चार झेरॉक्स काढल्या. एक चुलतीकडं दिली.