मूळ संख्यांची ‘एकेएस’ कसोटी

एखादी संख्या मूळ आहे की नाही, हे ठरविण्याची रीत शाळेतच शिकविली जाते. संख्येला तिच्या वर्गमुळापर्यंतच्या संख्यांनी भागायचे. कशानेही नि:शेष भाग गेला नाही, तर ती मूळ. रीत अचूक आहे. मात्र शंभर अंकी संख्येसाठी एकावर सुमारे ५० शून्ये इतके भागाकार करावे लागू शकतात. उत्तर मिळते का, एवढेच न विचारता ते किती पायऱ्यांत मिळते, हे विचारणे हा विद्यापीठांतील अल्गोरिदमच्या अभ्यासक्रमाचा गाभा आहे.

गुप्तसंदेशांच्या ‘आरएसए’ पद्धतीला प्रचंड मोठ्या मूळ संख्या लागतात. त्या शोधण्यासाठी सोलोवे-स्ट्रासन आणि मिलर-राबिन या जलद कसोट्या होत्या. परंतु त्या यादृच्छिक निवडीवर अवलंबून असल्याने चुकीची अत्यल्प शक्यता उरत असे. जलद आणि नि:संशय अशी कसोटी आहे का, हा प्रश्न अनुत्तरितच होता.

त्याचे उत्तर ऑगस्ट २००२ मध्ये आयआयटी कानपूरमधून आले. प्रा. मणींद्र अग्रवाल यांनी प्रा. सोमनाथ बिस्वास यांच्यासह केलेल्या आधीच्या कामाचा धागा नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी बी.टेक.च्या प्रकल्पात पुढे नेला होता. तिघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून कसोटीला ‘एकेएस’ हे नाव मिळाले.

कसोटीचे मूळ द्विपद विस्तारात आहे. (क्ष + १) चा पाचवा घात विस्तारल्यास १, ५, १०, १०, ५, १ हे सहगुणक मिळतात. मधल्या सर्वांना ५ ने भाग जातो. चौथ्या घाताच्या १, ४, ६, ४, १ मधील ६ ला ४ ने भाग जात नाही. म्हणून ४ मूळ नाही. मोठ्या संख्येचा विस्तार अवाढव्य होतो. त्याऐवजी लहान घाताच्या बहुपदीने भागून उरलेली बाकी तपासली आणि अशा मोजक्याच तपासण्या केल्या, तरी पुरते, हे तिघांनी सिद्ध केले.

हा निबंध २००४ मध्ये ‘अ‍ॅनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स’मध्ये प्रसिद्ध झाला, २००६ मध्ये त्याला गोडेल आणि फल्कर्सन पारितोषिके मिळाली. त्यामुळे ‘आरएसए’ला धोका पोहोचला नाही, कारण संख्येचे अवयव शोधणे हा वेगळा प्रश्न आहे. व्यवहारात आजही अधिक वेगवान अशा जुन्या कसोट्याच वापरल्या जातात. तरीही पदवीच्या विद्यार्थ्यांपुढे अनुत्तरित प्रश्न ठेवल्यास काय घडू शकते, याचा हा ठोस दाखला आहे.