चौघांचा संवाद आणि लाखेच्या तबकड्या

संग्राहकाचा नाद हा बहुधा थट्टेचा विषय होतो. जुनीं नाणीं, जुने दिवे किंवा जुने अडकित्ते जमविणाऱ्या गृहस्थाकडे त्याच्या घरचीं माणसें ज्या दृष्टीनें पाहतात, ती दृष्टि आमच्या चांगल्या परिचयाची आहे. कारण आमच्या अभ्यासिकेची एक सबंध भिंत गेलीं पंचवीस वर्षें लाखेच्या तबकड्यांनीं अडविली आहे. बरें, त्यांत बालगंधर्वांचीं पदें किंवा अब्दुल करीमखांसाहेबांच्या ठुमऱ्या असत्या, तर घरच्यांनीं एक वेळ क्षमा केली असती. परंतु तेथें आहेत युरोपांतील तंतुवाद्य-चतुष्टयें! या छंदाचें समर्थन करावें असा आमचा हेतु नाहीं. तथापि तबकड्या जमवितां जमवितां त्यांच्यामागचा जो इतिहास आम्हांस दिसला, तो वाचकांपुढें ठेवण्याजोगा आहे असें वाटतें.

तंतुवाद्य-चतुष्टय म्हणजे दोन व्हायोलिनें, एक व्हायोला व एक चेलो अशा चार वाद्यांचा मेळ. पुढें उभा राहून हातवारे करणारा नायक येथें नसतो. चौघे जवळ जवळ बसतात. एक बोलतो, दुसरा त्याचें बोलणें उचलतो, तिसरा हरकत घेतो आणि चौथा सर्वांना सावरून धरतो. चार समंजस माणसांचें संभाषण ऐकावें तसें हें वाटतें, अशा अर्थाचे उद्गार गटेनें काढले होते, ते यथार्थ आहेत. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत ऑस्ट्रियांतील योसेफ हायडननें या प्रकाराला घाट दिला. आजच्या गणनेप्रमाणें त्याचीं ६८ चतुष्टयें आहेत. मोझार्टनें त्याला नाजुकपणा दिला, बीथोव्हेननें आपल्या १६ चतुष्टयांतून त्याला चिंतनाची खोली दिली, आणि शूबर्टनें त्यांत कारुण्य ओतलें. मुळांत हें दिवाणखान्याचें संगीत आहे. आपल्या बैठकीप्रमाणेंच त्याला श्रोते थोडे आणि जवळ बसलेले लागतात.

येथें कोणी विचारील कीं, आपल्या गवयाचें गाणें त्याच्याबरोबर जातें म्हणून तें मुद्रित करून ठेवणें योग्यच. परंतु युरोपचें संगीत तर स्वरलिपींत जसेंच्या तसें लिहिलेलें असतें, मग त्याच्या तबकड्यांचा एवढा सोस कशाला? शंका रास्त आहे. परंतु स्वरलिपि स्वराची उंची आणि लांबी सांगते. गज किती दाबावा, एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जावें कीं थेट पाऊल टाकावें, स्वर किती कंपित करावा, हें ती पुरतेपणीं सांगूं शकत नाहीं. नाटकाची संहिता कपाटांत आहे म्हणून गणपतराव जोश्यांचा हॅम्लेट कांहीं आपल्या हातीं लागत नाहीं. तोच न्याय येथें आहे.

१९२५ पूर्वीं मुद्रण होत असे तें एका मोठ्या कर्ण्यासमोर. वादकांनीं त्या कर्ण्याला शक्य तितकें खेटून बसावयाचें आणि जोरानें वाजवावयाचें. व्हायोलिनचा क्षीण नाद पकडतां यावा म्हणून पेटीच्या जागीं धातूचा कर्णा बसविलेलें ‘स्ट्रो’ नांवाचें व्हायोलिनहि वापरीत. बारा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम चार-साडेचार मिनिटें मावत, त्यामुळें मूळ रचनेला कात्री लागे. सबंध चतुष्टय मुद्रित करण्यास कंपन्या कचरत. कारण गिऱ्हाईक थोडें. ही अडचण ओळखून इंग्रज कादंबरीकार कॉम्प्टन मॅकेंझी यानें १९२३ सालीं ‘ग्रामोफोन’ मासिक काढलें आणि लौकरच सभासदांपुरत्या तबकड्या काढणारी नॅशनल ग्रामोफोनिक सोसायटी स्थापिली. तिच्या आरंभींच्या तबकड्यांवर बीथोव्हेनचें एक सबंध चतुष्टय होतें. १९२५ पासून विजेच्या साह्यानें मुद्रण होऊं लागलें, आणि चेलोचा खर्ज प्रथमच नीट ऐकूं आला.

पुढच्या दशकांत याच वर्गणीच्या युक्तीला मोठें रूप आलें. ‘हिज मास्टर्स व्हॉइस’ कंपनींत वॉल्टर लेग नांवाचा एक तरुण नोकरीस होता. त्यानें अशी योजना मांडली कीं, रसिकांनीं आधीं पैसे भरावे, ठराविक संख्या भरली म्हणजे तबकड्या काढाव्या. ग्राहक आधीं मिळवून ग्रंथ मागाहून छापण्याची रीत आपल्याकडेहि परिचित आहे. १९३१ सालीं ह्यूगो वोल्फच्या गीतांसाठीं अशा ५०० वर्गण्या हव्या होत्या; त्यांतील शंभराहून अधिक एकट्या जपानांतून आल्या! त्याच रीतीनें हायडनच्या चतुष्टयांचे आठ खंड निघाले. वादक होते बेल्जममधील ‘प्रो आर्ते’ मंडळी. मौज अशी कीं, त्यांत हायडनच्या नांवावर घेतलेल्या दोन रचना हायडनच्या नव्हेत, तर रोमन होफश्टेटर नांवाच्या एका मठवासी साधूच्या असाव्या, असें १९६४ सालीं संशोधकांनीं दाखविलें. कर्तृत्व बदललें, तरी त्यांतील ‘सेरेनेड’ पूर्वीइतकीच गोड लागते, ही गोष्ट पंडितांनीं लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

या तबकड्यांत आपल्या देशाचाहि अंश आहे. त्या ज्या मिश्रणाच्या बनत, त्यांतील लाख बव्हंशीं हिंदुस्थानांतून जाई. छोटा नागपूरच्या रानांत पळस, कुसुम, बोर अशा झाडांवर तिचे किडे पोसले जात. बीथोव्हेनचे स्वर कोरले गेले ते पळसावरच्या लाखेवर, हा विचार आम्हांस नेहमींच गमतीचा वाटत आला आहे. दुसऱ्या महायुद्धांत ही लाख दुर्मिळ झाली. १९४२ सालीं अमेरिकेंत तिच्या वापरावर कडक निर्बंध आले, आणि नवी तबकडी घ्यावयाची तर जुनी परत करा, असें दुकानदार सांगूं लागले. परत आलेल्या तबकड्या दळून त्यांच्याच नव्या होत. किती दुर्मिळ वादन असें भरडलें गेलें असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

परंतु तबकड्यांहून मोठी हानि माणसांची झाली. आर्नोल्ड रोझे हा १८८१ पासून व्हिएन्नाच्या ऑपेरांतील वादकवृंदाचा अग्रणी. त्याच्या चतुष्टयानें १८९० सालीं, दुसऱ्या व्हायोलावादकास जोडीला घेऊन, ब्राह्म्सचें एक पंचक प्रथम वाजविलें, आणि पुढें शोएनबर्गच्या पहिल्या दोन चतुष्टयांचेंहि प्रथम वादन केलें. १९३८ सालीं हिटलरनें ऑस्ट्रिया गिळला, आणि ज्यू म्हणून या पंचाहत्तरीच्या वृद्धाचें स्थान गेलें. तो लंडनला गेला. त्याची कन्या आल्मा, तीहि व्हायोलिनवादक, १९४४ सालीं आउश्विट्झच्या छावणींत मरण पावली. तो स्वतः १९४६ सालीं वारला. अडोल्फ बुश हा तर ज्यू नव्हता. तरीहि १९३३ सालीं ज्यूंवरील बहिष्कार पाहून त्यानें जर्मनींतील आपले कार्यक्रम स्वेच्छेनें सोडले, आणि पुढें तो अमेरिकेंत गेला. ‘प्रो आर्ते’ मंडळी १९४० च्या मे महिन्यांत अमेरिकेंत विस्कॉन्सिन येथें असतांनाच जर्मन फौजा बेल्जममध्यें शिरल्या. मंडळींना तेथील विद्यापीठानें आश्रय दिला; परंतु चेलोवादक रॉबर्ट मास युरोपांतच अडकला, आणि अग्रणी अल्फोन्स ओनू त्याच वर्षीं निवर्तला. एकत्र बसणारे चौघे असे दिशादिशांना पांगले. त्यांचा संवाद राहिला तो लाखेच्या चरांत.

या वादळाची एक झुळूक मुंबईसहि आली होती. वॉल्टर कॉफमन हा मूळचा बोहेमियाचा ज्यू संगीतकार १९३४ सालीं मुंबईस आला आणि त्यानें तेथें दिवाणखानी संगीताची एक संस्था काढली. त्याच्या जोडीला व्हायोलिनवर होते मेहली मेहता, सुप्रसिद्ध झुबिन मेहतांचे वडील. आकाशवाणीची जी धून महाराष्ट्रांतील घरोघर पहांटे वाजत असे, ती या कॉफमनचीच रचना म्हणून ओळखली जाते. या संगीताशीं आपला कांहींच संबंध नाहीं, असें म्हणणाऱ्यांनीं ही गोष्ट ध्यानांत घ्यावी.

आतां थोडें आमच्याविषयीं. मुंबईच्या चोरबाजारांत एकदां आम्हांस बुश मंडळींनीं १९३६ सालीं वाजविलेलें शूबर्टचें ‘मृत्यु आणि कुमारिका’ हें चतुष्टय मिळालें. घरीं येऊन पाहतों तों एक तबकडी कमी. आणि तीहि नेमकी दुसऱ्या भागाचा शेवट असलेली! तरी संच दुर्मिळ, म्हणून आम्ही तो येणाऱ्या-जाणाऱ्यांस मोठ्या अभिमानानें दाखवीत असूं. एके सायंकाळीं आमचे वृद्ध मामा म्हणाले, “अरे, इतकीं वर्षें हें दाखवतोस, लावून कधीं ऐकवणार?” आम्ही निरुत्तर झालों. खरी गोष्ट ही होती कीं, सुई झिजवील, चर बिघडतील, या भीतीनें आम्हीं तो संच दोन-तीन वेळांहून अधिक लावलाच नव्हता. त्या रात्रीं मामांसाठीं तो प्रथमच मनापासून लावला. दुसरा भाग मध्येंच तुटला, तेव्हां मामा बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग म्हणाले, “पुढें काय होतें?” आम्हांस सांगतां आलें नाहीं.

तेंच वादन पुढें सीडीवर पुनर्मुद्रित झालेलें आम्हांस मिळालें, आणि तो शेवट ऐकावयास सांपडला. त्या भागाचा आरंभ विषण्ण आहे. अखेरीस मात्र स्वर हळूहळू निवळतात, आणि मृत्यूची भीति जाऊन विसांवा उरावा तसें वाटतें. मामा तोंवर गेले होते.

म्हणून आमच्या समानधर्मी वाचकांस एवढेंच विनवावयाचें. घरांत जुन्या तबकड्या असतील, तर त्या भंगारवाल्यास वजनावर देऊं नयेत. त्यांवरील नांवें व क्रमांक टिपून ठेवावे आणि शक्य तर एखाद्या ग्रंथालयाच्या स्वाधीन कराव्या. आणि ज्यांनीं त्या कपाटांत जपून ठेवल्या असतील, त्यांनीं अधूनमधून त्या लावाव्या; विशेषतः घरांत कोणी वडील माणूस ऐकावयास तयार असेल तर.