बिनतारी ॲक्सेस पॉइंटांचा समन्वय

बिनतारी ॲक्सेस पॉइंटांचा समन्वय : शेजारशेजारच्या क्षेत्रांत कार्य करणाऱ्या अनेक वाय-फाय ॲक्सेस पॉइंटांनी एकमेकांशी चढाओढ न करता प्रक्षेपणाची वेळ, शक्ती आणि दिशा, व प्रसंगी तरंगांची कलाही, आपसांत ठरवून माहिती पाठविण्याची व्यवस्था. एका तरंगाच्या आवर्तनातील विशिष्ट क्षणीच्या स्थितीस कला म्हणतात.

पूर्वपीठिका : हवाई विद्यापीठात नॉर्मन एब्रॅमसन यांनी उभारलेल्या आणि १९७१ मध्ये सुरू झालेल्या अलोहा जाळ्यात प्रत्येक केंद्रास वाटेल तेव्हा संदेश पाठविण्याची मुभा होती, टक्कर झाली तर यदृच्छ काळ थांबून तोच संदेश पुन्हा पाठवावा, एवढाच नियम होता. या पद्धतीत मार्गिकेच्या क्षमतेचा जास्तीत जास्त १८.४ टक्के भाग उपयोगी पडतो. मात्र सर्वांनी समान कालखंड मानून केवळ खंडारंभीच प्रक्षेपण करावे, असे बंधन घातले की हीच मर्यादा ३६.८ टक्क्यांवर जाते. सामाईक घड्याळ मानल्याने क्षमता दुप्पट होते, हा या विषयाचा मूलभूत धडा होय, आणि पुढील बरीचशी प्रगती त्याचाच विस्तार आहे.

वाय-फायचा पाया असलेल्या १९९७ च्या ८०२.११ मानकाने ‘आधी ऐकावे, मग बोलावे’ हा शिरस्ता घातला. त्यामुळे टकरी कमी झाल्या, तथापि दाट वस्तीच्या इमारतींत शेजाऱ्याचे प्रक्षेपण संपेपर्यंत तिष्ठत राहण्यातच बराच काळ खर्ची पडू लागला. २०२१ च्या ८०२.११एएक्स मानकाने ॲक्सेस पॉइंटास आपल्या ग्राहक-उपकरणांना एकाच क्षणी बोलण्याचा हुकूम देण्याचा अधिकार दिला. शेजारच्या ॲक्सेस पॉइंटावर मात्र त्याची हुकमत चालत नव्हती.

प्रकार : (१) काल-वाटणी : मार्गिकेचा ताबा मिळालेला ॲक्सेस पॉइंट आपल्या मुदतीचा काही भाग शेजाऱ्यास देतो. (२) शक्ति-नियमन : दोघे एकाच वेळी, परंतु परस्परांस उपद्रव होणार नाही इतक्या बेताच्या शक्तीने प्रक्षेपण करतात. (३) दिशा-नियमन : अनेक अँटेनांच्या साहाय्याने शेजाऱ्याच्या ग्राहकाच्या स्थानी आपला तरंग शून्यवत केला जातो. (४) संयुक्त प्रक्षेपण : सर्व ॲक्सेस पॉइंटांच्या अँटेना मिळून जणू एकच प्रक्षेपक होतात. हा प्रकार सर्वाधिक फलदायी आणि सर्वाधिक दुष्कर आहे.

कलेचे समकालन : प्रत्येक उपकरणातील आंदोलक स्वतंत्र असतो, आणि त्याच्या वारंवारतेत दशलक्षात अधिक-उणे २० भागांपर्यंत तफावत मानकास मान्य असते. ५ गिगाहर्ट्झला हे प्रमाण १०० किलोहर्ट्झ भरते, म्हणजे दोन उपकरणांत २०० किलोहर्ट्झपर्यंत अंतर पडू शकते. मापनाने ते दुरुस्त करता येते. परंतु दुरुस्तीनंतर अवघा १०० हर्ट्झचा फरक उरला, तरी एका मिलिसेकंदात कला ३६ अंशांनी फिरते, जेथे तरंगांनी परस्परांस छेदून शून्य व्हावयाचे तेथे अवशेष राहतो, आणि संयुक्त प्रक्षेपणाचा सारा हिशेब विस्कटतो.

या अडचणीवर मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील हरिहरन राहुल, स्वरुण कुमार आणि दिना कताबी यांनी २०१२ मध्ये सुचविलेला उपाय विशेष उल्लेखनीय आहे. एक ॲक्सेस पॉइंट प्रमुख मानावा. प्रत्येक संयुक्त प्रक्षेपणापूर्वी त्याने एक लघुसंकेत सोडावा. आणि इतरांनी, वारंवारतेच्या जुन्या मापनावरून कलेचे अनुमान न बांधता, त्या संकेतावरून आपली कला दर वेळी प्रत्यक्ष मोजून सुधारावी, अशी ही योजना आहे. अनुमानातील चूक काळाबरोबर साचत जाते, प्रत्यक्ष मापनात तिला साचण्यास अवसरच मिळत नाही, हे तिचे मर्म. दहा प्रक्षेपकांच्या प्रयोगात एकूण माहितीवहन ८.१ ते ९.४ पटींनी वाढल्याचे त्यांनी नोंदविले. समान घड्याळाची तार न ओढता विखुरलेल्या यंत्रांत असे ऐक्य साधता येते, हे या प्रयोगाने सिद्ध केले. म्हणून त्याचे महत्त्व निव्वळ आकड्यांहून मोठे मानले पाहिजे.

विखुरलेल्या प्रक्षेपणाची मूळ कल्पना याहून जुनी आहे. आरोग्यस्वामी पॉलराज व थॉमस कैलाथ यांना तिच्याबद्दल १९९४ मध्ये अमेरिकी एकस्व मिळाले. यांपैकी पॉलराज हे खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे माजी छात्र व भारतीय नौदलातील अधिकारी, तर कैलाथ यांचा जन्म पुण्याचा.

मानकीकरण : ८०२.११बीई मानकाच्या चर्चेत हा विषय आला होता, पण अंतिम मसुद्यात त्यास स्थान मिळाले नाही. वाय-फाय ८ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ८०२.११बीएन मानकाच्या कार्यकक्षेत तो आता आहे. तेथील भर वर दिलेल्या पहिल्या तीन प्रकारांवर असून संयुक्त प्रक्षेपणाविषयी एकमत झालेले दिसत नाही.

सुरक्षितता : शेजाऱ्याच्या सांगण्यावरून प्रक्षेपण करावयाचे असल्याने समन्वयाचे संदेश खऱ्या स्रोताकडूनच आल्याची खातरजमा होणे आवश्यक असते.

भारत : वाय-फायसाठी २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ मध्ये आणि ५ गिगाहर्ट्झचा विस्तृत पट्टा २०१८ मध्ये परवानामुक्त झाला.