‘गरजेपोटी’: पनवेलच्या घरांची गरज कुणी मोजली?

सरकारी कागदात माणसाच्या मनातला शब्द सहसा सापडत नाही. आपल्या पनवेल-उरण पट्ट्यात मात्र एक सापडतो: ‘गरजेपोटी बांधलेली घरे’. शासनाच्या कागदात तोच, मोर्च्याच्या फलकावर तोच, आणि निवडणूक आली की जाहीरनाम्यातही तोच. म्हणजे घर अनधिकृत आहे हेही म्हणायचं आणि ते गरजेतून उभं राहिलं हेही त्याच दमात मान्य करायचं. मग गरज होती, तर ती आधी मोजली का नाही? यासाठी थोडं मागे जावं लागेल.

पनवेल काही सिडकोने वसवलेलं नाही. इथली नगरपालिका १८५२ सालची. खाडीचं बंदर, मीठ आणि भाताचा व्यापार, मुंबई-पुणे वाटेवरचा मुक्काम. वडाळे तलाव, कृष्णाळे तलाव, इस्राईल तलाव ही नावं ऐकली तरी कळतं की इथे नाना तऱ्हेची माणसं येऊन राहिली आणि सामावली.

१९६४-६५ च्या सुमारास चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी मांडलं की मुंबईची गर्दी उत्तरेकडे ढकलत बसण्यापेक्षा खाडीपलीकडे नवं शहर करा. कल्पना चांगली होती, माणसंही हुशार होती, यात वाद नाही. १७ मार्च १९७० ला सिडको स्थापन झाली. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतली ९५ गावं आणि ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्र तिच्याकडे आलं. १९७३ च्या आराखड्यात २० लाख लोकांचं शहर आखलं. मुंबईतून किती माणसं येतील, त्यांचं उत्पन्न काय, त्यांना केवढं घर परवडेल, असा बारीक हिशोब झाला.

हा सगळा हिशोब येणाऱ्यांचा होता. आधीपासून इथे असलेल्यांच्या पुढच्या पिढीचं काय?

शेतजमीन संपादनात गेली, गावठाण तेवढं राहिलं. कामोठे, कळंबोली, खारघर, आसूडगाव, रोडपाली, कुठलंही गाव घ्या. चहूबाजूंनी सेक्टर आणि मधे जुनं गाव, भरतीच्या पाण्यात बेट उरावं तसं. पूर्वी घरात दोन मुलं कर्ती झाली की एकजण खळ्यावर किंवा परड्यात चार भिंती उभ्या करायचा. जमीन आपलीच, कुणाला विचारायचं? संपादनानंतर तेच खळं सिडकोचं झालं आणि त्याच भिंती अतिक्रमण ठरल्या. गावठाणाची हद्द ठरवण्याचा अधिकार १९६६ च्या जमीन महसूल संहितेत जिल्हाधिकाऱ्यांना दिलेला आहे, कलम १२२. पण घरं वाढली त्या वेगाने हद्द कधी वाढली नाही.

जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालचं आंदोलन पेटलं. जासई आणि पागोटे इथल्या गोळीबारात ५ जणांचा जीव गेला. त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्क्यांची योजना आली. १९९० ला शासन निर्णय आणि १९९४ ला त्यात सुधारणा. आपण सगळे ‘साडेबारा टक्के’ म्हणतो खरं, पण त्यातले पावणेचार टक्के सामाजिक सुविधांसाठी कापले जातात. हातात येतात पावणेनऊ. एक एकर, म्हणजे ४० गुंठे गेले असतील तर साडेतीन गुंठे परत, साधारण ३५४ चौरस मीटर. तीन भावांत वाटले की वाट्याला ११८. त्यातही शेत गेलं सत्तरच्या दशकात आणि योजना आली नव्वदच्या दशकात. मधल्या वीस वर्षांत जी मुलं मोठी झाली, ज्यांची लग्नं झाली, ती काय भूखंडाच्या सोडतीची वाट बघत ओसरीवर झोपणार होती? ‘गरजेपोटी’चा जन्म या वीस वर्षांतला आहे.

आता एक गोष्ट जी आपल्याला बोलायला आवडत नाही. सगळीच बांधकामं गरजेपोटी नाहीत. पोटमाळ्याची परवानगी नसलेल्या गल्लीत पाच मजले चढले, त्यात बिल्डरही घुसले. आग लागली तर बंब आत जाणार नाही, हे राहणाऱ्यांनाही माहीत आहे.

पण याच खोल्यांमध्ये कोण राहतं ते बघा. रिक्षावाले, सोसायटीचे वॉचमन, तळोजा एमआयडीसीतले कामगार, घरकाम करणाऱ्या ताई. सेक्टरमधल्या फ्लॅटचं भाडं त्यांना झेपत नाही. नियोजित शहराला स्वस्त भाड्याच्या खोल्या या अनियोजित गावांनी पुरवल्या. एका घरात दोघांची गरज भागली, गाववाल्याच्या पोराची आणि भाडेकरूचीही. म्हणून नुसता बुलडोझर लावून हा प्रश्न सुटत नाही. आणि नुसतं नियमित करून टाकल्यानेही ड्रेनेज मोठं होत नाही.

२०२२ ला गावठाणापासून २५० मीटरच्या आतल्या घरांसाठी शासन निर्णय आला. पट्टा धरून मोजायचं म्हणजे घर बघायचं, घरातली माणसं नाही.

१ ऑक्टोबर २०१६ ला रायगड जिल्ह्यातली पहिली महानगरपालिका पनवेलला झाली. जुनी नगरपालिका, २९ गावं, सिडकोच्या वसाहती, सगळं एका छत्राखाली. या हद्दीची लोकसंख्या म्हणून सुमारे ५ लाखांचा जो आकडा सांगतात, तो २०११ च्या जनगणनेचा. २०२१ ची जनगणना झालीच नाही. खारघर-कामोठ्याच्या आजच्या इमारती बघून तुम्हीच सांगा, तो आकडा पाण्याच्या नियोजनाला तरी पुरेल का?

२०२७ च्या जनगणनेत आधी घरयादी होते आणि मग माणसांची मोजणी. खोल्या किती, घर मालकीचं की भाड्याचं, नळ घरात की बाहेर, संडास आहे का, हे घरयादीतच विचारतात. गावठाणात एका दारामागे तीन चुली असतील तर तीन कुटुंबं सांगा. वरच्या खोलीतला भाडेकरूही सांगा, घरपट्टीच्या भीतीने लपवू नका. जनगणनेतली वैयक्तिक माहिती कायद्याने गोपनीय असते, ती कर लावायला वापरता येत नाही.

तुमच्या गावात सत्तरच्या आधी किती घरं होती आणि आज किती आहेत? घरातल्या जुन्या माणसांना विचारा आणि गावाच्या नावासकट खाली लिहा. मी एकत्र करतोय.