सातासमुद्रापारचं कोडिंग: १९७४चं एक काम आणि तुमचा रात्रीचा कॉल

हेडफोन लावून ठाण्याहून ऐरोलीची लोकल पकडलेल्यांना आणि डोंबिवलीला चढून चौथी सीट मिळवलेल्यांना खास नमस्कार. तुमच्यापैकी अनेकांचा क्लायंट अमेरिकेत असतो आणि टेस्टर पुण्यात. हे सगळं सुरू कसं झालं आणि असे प्रोजेक्ट तरतात कशामुळे, ते आज बघूया.

साल १९७४. मुंबईतली टीसीएस तेव्हा जेमतेम सहा वर्षांची होती, आणि सूत्रं होती फकीरचंद कोहलींकडे. बरोज या अमेरिकन कॉम्प्युटर कंपनीचं काम आलं. हॉस्पिटलसाठीची एक कोबोल सिस्टिम बरोजच्या एका प्रकारच्या मशीनवरून दुसऱ्या प्रकारच्या मशीनवर न्यायची होती. गंमत बघा, मुंबईत हे काम झालं ते आयसीएल १९०३ या तिसऱ्याच, ब्रिटिश मशीनवर! व्हिडिओ कॉल सोडा, परदेशी फोनसुद्धा ट्रंक कॉल बुक करून.

मग जमलं कसं? हुशारी होतीच. पण मला महत्त्वाची वाटते ती कामाची जात. मूळ प्रोग्रॅम समोर होता. जुना जे करतो, तेच नव्याने करायचं. ‘बरोबर’ म्हणजे काय, हे दोन्ही देशांत एकच होतं.

नव्वदच्या दशकात वायटूकेचंही तेच झालं. जुन्या प्रोग्रॅममध्ये सालाचे दोनच आकडे असायचे, त्यामुळे २००० आणि १९०० यांत गोंधळ होणार होता. काम प्रचंड, पण दुखणं नेमकं ठाऊक. भारतीय कंपन्यांना त्यात भरपूर काम मिळालं.

आज मात्र आपण नवीन ॲप बनवतो. इथे ‘बरोबर’ काय, हे आधी कुणालाच पूर्ण माहीत नसतं. साधी तारीख घ्या. ०३/०४ म्हणजे आपल्याकडे ३ एप्रिल आणि अमेरिकेत ४ मार्च. दोघंही मीटिंगमध्ये ‘येस, येस’ म्हणतात आणि चूक महिन्याभराने सापडते. इंटरनेट कितीही फास्ट असलं, तरी ही चूक ते पकडत नाही. ती पकडते लिहून ठेवलेली एक ओळ, किंवा ‘मला कळलं नाही, पुन्हा सांगा’ म्हणायची हिंमत. ज्या टीममध्ये ज्युनिअरला हा प्रश्न विचारता येतो, तिथे प्रोजेक्ट तरतात, असं माझं ठाम मत आहे.

आणि घड्याळाचं काय? कॅलिफोर्नियात सकाळी ९ला कॉल असला, की उन्हाळ्यात आपल्याकडे रात्रीचे ९:३० वाजलेले असतात. नोव्हेंबरात तिकडचं घड्याळ एक तास मागे जातं आणि आपला कॉल १०:३०ला सरकतो. त्यांची सकाळ तीच राहते, आपली मात्र कल्याण लोकल चुकते किंवा घरचं जेवण गार होतं. हा भार कायम एकाच बाजूने उचलला, तर माणसं थकतात, नोकरी सोडतात आणि त्यांच्याबरोबर न लिहिलेली सगळी माहितीही निघून जाते. मग नव्या माणसाला पुन्हा पहिल्यापासून श्रीगणेशा!

म्हणून कॉलची वेळ आलटून-पालटून ठेवा, असं सांगणं म्हणजे कुरकुर नव्हे. तोही प्रोजेक्ट वाचवण्याचाच भाग आहे. पुढच्या मीटिंगमध्ये बिनधास्त मांडा. आणि काय उत्तर मिळालं, ते आम्हाला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!